एचडी फुटेज एडिटिंगसाठी कन्व्हर्ट करताना: काय बदलायचं आणि काय जपायचं

कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाईल डबल-क्लिक केली की सुरळीत चालते. तीच टाइमलाइनवर टाकली की प्लेहेड अडखळतो, मागे ओढला की चित्र थिजतं, तीन-चार कट जवळजवळ दिले की कॉम्प्युटरचा पंखा घोंघावू लागतो. मग संशय रॅमवर जातो, ग्राफिक्स कार्डवर जातो. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. ती फाईल कमी जागेत मावावी आणि सरळ पुढे बघता यावी, एवढ्याच हिशोबाने दाबून भरलेली असते. एडिटिंगमध्ये आपण सरळ पुढे बघत नाही. पुढे जातो, मागे येतो, एका फ्रेमवर थांबतो, तिथे कापतो. कॉम्प्युटरची दमछाक इथे होते.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे कामाला बसण्याआधी फुटेज एडिटिंगच्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र भरण्याच्या पद्धतीत, कन्व्हर्ट करून घेणं. यालाच ट्रान्सकोड करणं म्हणतात. त्यात एकच पथ्य आहे, पण ते कडक पाळावं लागतं: कोडेक बदलायचा, बाकी काहीही बदलू द्यायचं नाही. फ्रेमचा आकार, फ्रेम रेट, रंग, ऑडिओचे ट्रॅक, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा क्रमांक), सगळं जसंच्या तसं पलीकडे पोहोचलं पाहिजे. कन्व्हर्ट केलेलं फुटेज बिघडतं ते जवळजवळ नेहमी या ‘बाकी’मध्येच.

डबा वेगळा, माल वेगळा

फाईलच्या नावाच्या शेवटी एमटीएस, एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही किंवा एमएक्सएफ लिहिलेलं असतं, तो नुसता डबा. त्याला कंटेनर म्हणतात. आत चित्र कोणत्या पद्धतीने भरलंय ते कोडेकवर ठरतं: एच.२६४, एच.२६५, प्रोरेस वगैरे. एकाच एमओव्ही डब्यात हलकंफुलकं चालणारं प्रोरेसही असू शकतं आणि यंत्राला घाम फोडणारं एच.२६५ही. म्हणून ‘माझी फाईल एमओव्ही आहे, तरी का अडकते’ या प्रश्नाला डब्याकडे बघून उत्तर मिळत नाही.

हा फरक कळला की बराच वेळ वाचतो. कधीकधी अडचण फक्त डब्याची असते. एमकेव्हीमधली फाईल अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर उघडतच नाहीत, पण आतलं एच.२६४ त्यांना चालतं. तेव्हा माल तसाच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचा. याला रीरॅप म्हणतात. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, क्वालिटी कणभरही कमी होत नाही, आणि वेळ फाईल कॉपी करायला लागतो तेवढाच. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या कन्व्हर्टरमध्ये यासाठी ‘स्ट्रीम कॉपी’ची सोय आहे, शटर एन्कोडर या दुसऱ्या कन्व्हर्टरमध्ये रीरॅपचा पर्याय थेट यादीत दिसतो. आधी रीरॅप करून बघावं. फाईल उघडली आणि नीट चालली, तर पुढचा खटाटोप करायची गरज नाही.

फाईल कापताना का अडखळते

एच.२६४ हे २००३ साली मानक झालं. आज फोन आणि कॅमेऱ्यांमधलं मोठं काम त्याच्यावर किंवा २०१३ साली आलेल्या एच.२६५वर चालतं. दोघांची कमाल एकाच युक्तीत आहे: शेजारशेजारच्या फ्रेम एकसारख्याच असतात, मग प्रत्येक फ्रेम पूर्ण का साठवायची? एक फ्रेम पूर्ण साठवायची, तिला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्यांमध्ये फक्त फरक नोंदवायचा. मागच्या फ्रेमवरून फरक सांगणाऱ्या त्या पी-फ्रेम, आणि मागच्या व पुढच्या अशा दोन्हींच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या त्या बी-फ्रेम. एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमपर्यंतच्या गटाला जीओपी म्हणतात. २५ फ्रेमच्या फुटेजमध्ये हा गट साधारण अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ किंवा १३ फ्रेमचा, धरून चालू.

आता प्लेहेड त्या गटातल्या ११व्या फ्रेमवर ठेवा. ती फ्रेम अशी फाईलमध्ये कुठे नाहीच. सॉफ्टवेअरला गटाच्या सुरुवातीपर्यंत मागे जावं लागतं, पहिली फ्रेम उघडावी लागते, तिच्यावर एकेक फरक चढवत ११व्यापर्यंत यावं लागतं. एक फ्रेम मागे गेलात की १०वी हवी. आधीच्या पायऱ्या मेमरीत जपलेल्या नसतील तर पुन्हा पहिलीपासून चढाई. उलटं स्क्रब करताना, म्हणजे प्लेहेड मागे ओढताना, चित्र का थिजतं ते यातच आहे. त्यात बी-फ्रेम असल्या की फाईलमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रम वेगळा होतो. आता असे तीन व्हिडिओ ट्रॅक एकावर एक, त्यावर रंगाचं काम, आणि दर दोन सेकंदांनी कट. प्रत्येक कटला नवा गट पहिल्यापासून उघडायचा.

एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. ११वी हवी तर ११वी उचलायची, शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही. यासाठी जागा मात्र कितीतरी जास्त लागते. हा सगळा व्यवहार म्हणजे डिस्कवरची जागा देऊन प्रोसेसरची मेहनत वाचवणं.

आणि इथेच एक गैरसमज पुसून टाकायला हवा. १० जीबीची फाईल कन्व्हर्ट करून ५५ जीबीची झाली म्हणून चित्र सुधारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॅमेऱ्याने रेकॉर्ड करताना जो तपशील टाकून दिला तो गेला. मोठ्या फाईलचा फायदा असा की आहे ते यापुढे टिकतं. रंग बदला, टायटल टाका, अर्धवट काम एक्सपोर्ट करून पुन्हा आत घ्या. दर खेपेला एच.२६४मध्ये दाबलं असतं तर चित्राची झीज होत गेली असती, इथे ती डोळ्याला दिसण्याइतकी होत नाही.

कोणता कोडेक निवडावा

व्यवहारात दोन घराणी पुरतात. ॲपलचं प्रोरेस २००७ मध्ये आलं. ॲव्हिडचं डीएनएक्सएचडी त्याच्या आधीचं, आणि एचडीपेक्षा मोठ्या फ्रेमसाठी त्याचंच पुढचं रूप डीएनएक्सएचआर. तिसरं सिनेफॉर्म आहे, तेही उत्तम, पण ज्याच्याकडे फाईल पाठवायची त्याला ते माहीत असेलच असं नाही. मॅकवर काम असेल तर प्रोरेस, विंडोजवर दोन्हींपैकी काहीही. आजची प्रीमियर प्रो, दाविंची रिझॉल्व्ह, ॲव्हिड ही सगळी सॉफ्टवेअर दोन्ही वाचतात.

प्रत्येक घराण्यात पायऱ्या आहेत. १९२० बाय १०८०, २५ फ्रेम या आकाराला प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला ३८ मेगाबिट घेतं, एलटी ८५, साधं ४२२ घेतं १२२ आणि एचक्यू १८४. याच आकाराला डीएनएक्सएचडीच्या पायऱ्या ३६, १२० आणि १८५ अशा आहेत. तासाला किती जीबी लागतील याचा सोपा हिशोब: मेगाबिटच्या आकड्याला ०.४५ ने गुणायचं. म्हणजे प्रोरेस ४२२ला तासाला सुमारे ५५ जीबी, एलटीला ३८, एचक्यूला ८३. मूळ एव्हीसीएचडी (कॅमेऱ्यांची एक रेकॉर्डिंग पद्धत) फाईल सेकंदाला २४ मेगाबिटची असेल तर तिचा तास ११ जीबीच्या आत बसतो. चार तासांचं फुटेज घेऊन बसायचं तर २२० जीबी मोकळी हवीच, शिवाय रेंडरसाठी वेगळी.

फोन, साधा कॅमेरा, स्क्रीन रेकॉर्डिंग यांच्या आठ बिटच्या (प्रत्येक रंगाच्या २५६ छटा) फुटेजला प्रोरेस ४२२ पुरेपूर होतं. एचक्यू घेऊन फक्त डिस्क भरते. जागा फारच तंग असेल तर एलटीसुद्धा चालेल, प्रॉक्सी मात्र अंतिम कामाला घेऊ नका. एचक्यू राखून ठेवायचं ते दहा बिटच्या, लॉग प्रोफाइलच्या (मुद्दाम फिकं रेकॉर्ड केलेल्या, रंग नंतर चढवायच्या) किंवा रंगावर बरंच काम होणार असलेल्या फुटेजसाठी.

डीएनएक्सएचआर निवडताना एक खड्डा नीट बघून पाय टाका. त्याची एलबी, एसक्यू आणि एचक्यू ही तिन्ही रूपं आठ बिटची आहेत. दहा बिटसाठी एचक्यूएक्स घ्यावं लागतं. नाव सारखं वाटतं म्हणून दहा बिटचं फुटेज एचक्यूमध्ये टाकलं की प्रत्येक रंगाच्या १०२४ छटांच्या २५६ होतात, आणि रंगकाम करताना आकाशात पट्टे दिसू लागतात. प्रोरेसच्या ४२२ घराण्यात हा धोका नाही, ती सगळी दहा बिटचीच आहेत.

दुसरा घोळ डीएनएक्सएचडीचा. त्याला ठरावीक फ्रेम आकार, ठरावीक फ्रेम रेट आणि ठरावीक बिटरेट यांच्याच जोड्या मान्य आहेत. एफएफएमपेगमध्ये जोडी चुकली की ‘व्हिडिओ पॅरामीटर जुळत नाहीत’ अशा अर्थाचा एरर येतो आणि काम सुरूच होत नाही. उभं व्हिडिओ किंवा आडनिड्या आकाराचं स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर डीएनएक्सएचआर घ्या, त्याला आकाराचं बंधन नाही.

आधी कार्ड, मग कन्व्हर्जन

कार्डवरून थेट कन्व्हर्ट करू नका. आधी अख्खं कार्ड, फोल्डरच्या रचनेसह, डिस्कवर कॉपी करा, आणि जमल्यास दुसऱ्या डिस्कवरही. २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत खरे व्हिडिओ ‘प्रायव्हेट’, ‘एव्हीसीएचडी’, ‘बीडीएमव्ही’, ‘स्ट्रीम’ अशा एकात एक फोल्डरच्या तळाशी एमटीएस नावाने असतात. बाकीच्या छोट्या फाईल कचरा वाटतात म्हणून पुष्कळजण फक्त एमटीएस उचलतात. पण कोणता तुकडा कोणाच्या पुढे जोडायचा ही माहिती त्या छोट्या फाईलमध्येच असते.

हे जोडणं का लागतं? कार्डाच्या फॅट३२ रचनेत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांब रेकॉर्डिंग कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत आपोआप तोडतो. आता आवाजाकडे बघा. एव्हीसीएचडीमधला एसी-३ आवाज ३२ मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत बांधलेला असतो, आणि २५ फ्रेमच्या चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन्हींच्या सीमा एकमेकींवर पडत नाहीत, त्यामुळे तुकड्याच्या टोकाशी आवाजाचा एखादा गठ्ठा अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून टाइमलाइनवर चिकटवले की त्या सांध्यावर आवाज टिचकतो किंवा क्षणभर गायब होतो. भाषण किंवा गाणं असेल तर लगेच कानाला लागतं.

त्यामुळे जोडणी कन्व्हर्ट करण्याआधी. एडिटिंग सॉफ्टवेअरला अख्खं कार्ड दाखवलं तर ते बहुधा स्वतःच तुकडे जोडून एकच क्लिप दाखवतं. हाताने करायचं असेल तर एमटीएस तुकडे क्रमाने एकापुढे एक नुसते बाइटला बाइट जोडले तरी चालतात, कारण हा डबा प्रक्षेपणासाठी बनलेला आहे, कुठूनही वाचायला सुरुवात करता येते. विंडोजची ‘कॉपी’ कमांड बायनरी पद्धतीने किंवा मॅक-लिनक्सवरची ‘कॅट’ हे काम करते. ही सूट फक्त एमटीएसला. एमपी४ किंवा एमओव्ही अशा जोडल्या तर पुढचा तुकडा दिसणारच नाही.

फॅट३२चा फटका दुसऱ्या टोकालाही बसतो. कन्व्हर्ट केलेली फाईल तशाच रचनेच्या बाहेरच्या डिस्कवर लिहायला दिली, तर प्रोरेस ४२२ची पावणेपाच मिनिटं झाली की ४ जीबी भरतात आणि काम अर्ध्यावर तुटतं. डिस्क एक्सफॅट, एनटीएफएस किंवा मॅकच्या रचनेत फॉरमॅट केलेली आहे ना, ते आधी बघा.

फाईलची कुंडली

कन्व्हर्टचं बटण दाबण्याआधी मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फाईल उघडा. पाच गोष्टी कागदावर उतरवा: फ्रेमचा आकार, फ्रेम रेट आणि तो कॉन्स्टंट आहे की व्हेरिएबल, स्कॅन प्रोग्रेसिव्ह आहे की इंटरलेस्ड, रंगाची माहिती (आठ की दहा बिट, ४:२:० की ४:२:२ म्हणजे रंगाचा तपशील किती साठवलाय, आणि रंगाचं मानक बीटी.७०९ की आणखी काही), आणि ऑडिओचे ट्रॅक किती व कसे.

आकारात दोन गमती भेटतात. काही एचडी फाईल १४४० बाय १०८० निघतात. तो दोष नाही. त्यांचे पिक्सल चौकोनी नसून १.३३ पट रुंद असतात, आणि १४४०ला तेवढं ताणलं की १९२० होतात. कन्व्हर्टरने ही नोंद टाकून दिली की माणसं बारीक आणि उंच दिसतात. दुसरं म्हणजे १०८८. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ पिक्सलचे चौकोन पाडतं, आणि १०८०ला १६ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून खाली ८ ओळींची भर घालून दाखवताना त्या लपवतात. कन्व्हर्ट केलेल्या चित्राच्या तळाशी हिरवी किंवा करडी पट्टी दिसली तर त्या लपवायच्या ओळी उघड्या पडल्या आहेत असं समजा.

सेटिंग भरताना

शटर एन्कोडर मोफत आहे, त्याच्या पोटात एफएफएमपेगच चालतं, आणि कमांड लिहावी लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं. फाईल आत ओढायच्या, यादीतून ‘ॲपल प्रोरेस’ किंवा ‘डीएनएक्सएचआर’ निवडायचं, पायरी निवडायची, जागा दाखवायची. आकार आणि फ्रेम रेटच्या चौकटींना हात लावायचा नाही.

थेट एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी न विसरता सांगाव्यात, कारण न सांगितल्यास ते स्वतःच्या मनाने ठरवतं. एक, चित्राचा कोडेक. नाहीतर एमओव्हीसाठी ते पुन्हा एच.२६४च करून देईल. प्रोरेसच्या ‘केएस’ एन्कोडरमध्ये प्रोफाइल ० म्हणजे प्रॉक्सी, १ एलटी, २ साधं ४२२, ३ एचक्यू. दोन, आवाजाचा कोडेक. सांगितला नाही तर एएसी होतं, आपल्याला न दाबलेला पीसीएम हवा. तीन, ‘मॅप’चा पर्याय. तो दिला नाही तर एफएफएमपेग चित्राचा एक आणि आवाजाचा एकच ट्रॅक उचलतं. वक्त्याचा कॉलर माइक एका ट्रॅकवर आणि कॅमेऱ्याचा माइक दुसऱ्यावर असेल, तर त्यातला एक कसलीही सूचना न देता गळतो, आणि ते कळतं एडिटिंग अर्धं झाल्यावर.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट पीसीएम ठेवा. २४ बिट स्टिरिओलासुद्धा तासाला जेमतेम एक जीबी लागतो. ५५ जीबीच्या शेजारी त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

हँडब्रेक हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून बरेचजण त्यात एच.२६४ टाकून एच.२६४च बाहेर काढतात. फाईल लहान होते, क्वालिटी एक पायरी उतरते, आणि जीओपीची रचना तशीच राहते. टाइमलाइन पुन्हा अडखळते. तयार व्हिडिओ लहान करायला ते चांगलं साधन आहे. या टप्प्यावर त्याचं काम नाही.

फोनचं फुटेज आणि सरकणारा आवाज

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर ठरल्या वेळेला ठरलेली फ्रेम देत नाहीत. उजेड कमी झाला, प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला, की फ्रेमचा वेग उतरतो आणि पुन्हा चढतो. ‘३० फ्रेम’च्या फाईलमध्ये कुठे २४ असतात, कुठे ३०. हा व्हेरिएबल फ्रेम रेट. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, त्यामुळे साधा प्लेअर बरोबर दाखवतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र समान अंतरावरच्या फ्रेम धरून चालतं. चित्राच्या फ्रेम समान अंतरावर मांडल्या जातात, आवाज आपल्या वेळेने चालतो, आणि सुरुवातीला जुळलेले ओठ दहाव्या मिनिटाला आवाजाच्या मागे-पुढे होतात.

फरक किती छोटा पुरतो ते बघा. २९.९७ फ्रेमची फाईल ३० समजून चालवली, म्हणजे हजारात एकाची चूक, तरी तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत पडते.

सुरुवात जुळवून आवाज थोडा सरकवायचा हा उपाय चालत नाही, कारण तफावत सगळीकडे सारखी नसते. कन्व्हर्ट करतानाच कॉन्स्टंट फ्रेम रेट मागायचा. कन्व्हर्टर फ्रेमवरची वेळ वाचतो, कुठे कमी पडली तिथे शेजारची फ्रेम पुन्हा ठेवतो, जास्त झाली तिथे एखादी काढतो. रेट तोच ठेवा जो फोनवर निवडला होता. सोबतचा कॅमेरा २५चा आहे म्हणून ३०चं याच टप्प्यावर २५ करायला गेलात, तर दर सहा फ्रेममागे एक उडते आणि कॅमेरा फिरवलेल्या शॉटमध्ये ठरावीक हिसका दिसतो. ते काम एडिटिंग सॉफ्टवेअरला, शॉट बघून, करू द्या.

पाच-दहा सेकंदांच्या, आवाज न लागणाऱ्या शॉटना एवढी चिंता नको. लांब मुलाखत असेल तर चुकवू नका.

इंटरलेस्ड फुटेज

जुने कॅमेरे आणि टीव्हीसाठी झालेलं चित्रण १०८०आय असतं. त्यात एका फ्रेममध्ये दोन वेगळे क्षण असतात: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते त्यामुळे. काम वेबसाठी किंवा प्रोजेक्टरसाठी असेल तर कन्व्हर्ट करतानाच डीइंटरलेस करून, म्हणजे दोन्ही क्षण सुटे करून, ५० प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं) करून घ्यावं, हालचालीतला गुळगुळीतपणा टिकतो. फ्रेम दुप्पट म्हणजे प्रोरेस ४२२ला तासाला ११० जीबी लागतील. एफएफएमपेगमध्ये ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ हा फिल्टर या कामाला चांगला. २५ फ्रेम काढल्या तर जागा वाचते, पण धावपळीच्या दृश्यांत फरक दिसतो.

इथल्या तीन चुका पुन्हा दुरुस्त होत नाहीत किंवा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. डीइंटरलेस न करता चित्राचा आकार बदलला की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. त्या परत सुट्या होत नाहीत. फील्डचा, म्हणजे त्या सम-विषम ओळींच्या गटांचा, क्रम उलटा धरला की हालचाल पुढे-मागे थरथरते. एचडीमध्ये वरची ओळ आधी, जुन्या डीव्हीमध्ये खालची आधी, हे लक्षात ठेवा. आणि तिसरी फसवी: काही कॅमेरे २५ प्रोग्रेसिव्ह चित्र इंटरलेस्डचा शिक्का मारून साठवतात. मीडियाइन्फो शिक्का वाचतं, चित्र नाही. हलणाऱ्या शॉटवर थांबून बघा. कंगवा दिसत नसेल तर डीइंटरलेस करू नका, उभा तपशील फुकट जाईल.

रंग का उतरतो

कन्व्हर्ट केल्यावर चित्र फिकं दिसलं, तर बहुतेकदा रेंज चुकलेली असते. व्हिडिओमध्ये काळा १६वर आणि पांढरा २३५वर धरण्याची रीत आहे. काही फोन आणि कॅमेरे मात्र ० ते २५५ पूर्ण वापरतात. १६ ते २३५चं चित्र पूर्ण रेंजचं समजलं गेलं की काळ्याचा करडा होतो. उलट झालं की सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि ढगांमधला तपशील जळतो. नुसत्या नजरेवर विश्वास ठेवू नका. मूळ आणि कन्व्हर्ट केलेली फाईल टाइमलाइनवर एकावर एक ठेवून वेव्हफॉर्म स्कोप (चित्राच्या उजेडाचा आलेख) बघा. दोन्हींचे तळ आणि माथे एकाच रेषेवर हवेत.

लाल रंग नारिंगीकडे झुकला, हिरवा वेगळाच दिसला, तर मॅट्रिक्स, म्हणजे रंग मोजण्याचं गणित, चुकलं. एचडीचं बीटी.७०९, जुन्या एसडीचं ६०१. फाईलवर खूण नसेल तर सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. कन्व्हर्ट करताना ७०९ची खूण स्पष्ट लिहायला सांगा.

आजच्या फोनमधलं एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला असलेलं), म्हणजे एचएलजी किंवा डॉल्बी व्हिजनचं दहा बिट फुटेज, या टप्प्यावर ७०९ करायला जाऊ नका. टोन मॅपिंग (जास्तीचा उजेड ७०९च्या मर्यादेत बसवणं) न करता उतरवलं की पांढुरकं होतं. दहा बिटमध्ये, मूळ खुणांसह कन्व्हर्ट करा आणि रंगाचं रूपांतर एडिटिंगमध्ये करा. लॉग फुटेजचंही तेच. कन्व्हर्ट करतानाच लट (रंग बदलण्याचा तयार तक्ता) लावला की मूळ लवचीकता संपली.

कन्व्हर्ट न करताही भागतं तेव्हा

प्रत्येक एच.२६४ फाईल कन्व्हर्ट करायलाच हवी असं नाही. आठ बिट, ४:२:० एच.२६४ बहुतेक आधुनिक ग्राफिक्स चिप स्वतः उलगडतात. एक ट्रॅक, साधे कट, तासाभराचं काम असेल तर तसंच करा. खरी अडचण ४:२:२ दहा बिटच्या एच.२६४ची, कारण त्याला चिपमध्ये मदत क्वचितच मिळते. कॅमेऱ्यात ‘ऑल-इन्ट्रा’ निवडलं असेल तर प्रत्येक फ्रेम आधीच स्वतंत्र आहे, तिला पुन्हा कन्व्हर्ट करून फारसं काही साधत नाही.

चार-के फुटेज असेल तर दुसरी वाट बरी. त्याला २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला ४९२ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला २२१ जीबी, आणि डिस्कने सेकंदाला ६२ एमबी सतत पुरवायला हवे. चार कॅमेऱ्यांचं काम म्हटलं की २४६ एमबी. फिरत्या तबकडीच्या साध्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही, एसएसडी लागते. अशा वेळी प्रॉक्सी करा: लहान आकाराच्या हलक्या प्रतींवर एडिट करायचं आणि शेवटी मूळ फाईल जोडून एक्सपोर्ट करायचं. फ्रेमचा आकार लहान करायची मुभा फक्त इथेच आहे. नाव, फ्रेम रेट, सुरुवातीचा टाइमकोड आणि ऑडिओ चॅनलची संख्या मूळ फाईलसारखीच हवी. चॅनलची संख्या बदलली तर प्रीमियर प्रो प्रॉक्सी जोडून घेत नाही. टाइमकोड बदलला तर रीलिंक करताना शॉट सरकतात.

सगळं टाकून झोपी जाण्याआधी

आधी एकच क्लिप कन्व्हर्ट करा, तीही सगळ्यात लांब. मूळ आणि नवीची लांबी फ्रेमपर्यंत जुळते का बघा. सुरुवातीला, मधोमध आणि शेवटच्या मिनिटात बोलणाऱ्याचे ओठ बघा. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे एक-दोन फ्रेमचा फरकही पकडता येतो. ऑडिओचे सगळे ट्रॅक एकेक करून ऐका. उभं व्हिडिओ आडवं तर झालं नाही ना ते बघा, कारण फोन बहुधा चित्र आडवंच साठवून त्यावर फिरवण्याची खूण लावतो. हे सगळं बरोबर आलं की मगच बाकीच्या फाईल रांगेत लावा.

मूळ फाईल आणि नव्या फाईल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, पण नावं तीच ठेवा. काम संपल्यावर जागा हवी असेल तर पुसायच्या त्या कन्व्हर्ट केलेल्या फाईल. मूळ कार्डाची प्रत, प्रोजेक्ट फाईल आणि वापरलेल्या सेटिंगची चार ओळींची नोंद एकत्र ठेवली, तर वर्षभराने कोणी बदल मागितला तरी त्याच नावांनी, त्याच सेटिंगने पुन्हा कन्व्हर्ट करून टाइमलाइन जशीच्या तशी उघडते.